मदत हवी आहे: पिल्लाला चघळायला काय द्यावं?
आमचं कुत्र्याचं पिल्लू पाच महिन्यांचं आहे. दुधाचे दात पडतायत, त्यामुळे दिसेल ते चावतंय. परवा चामड्याची चघळायची कांडी दिली, तर टोक भिजून बुळबुळीत झालं आणि पठ्ठ्याने तो लगदा अख्खाच गिळायला घेतला. बोटं घालून ओढून काढला. माझेच हात थरथरत होते. ती कांडी आता बंद.

शिजवलेली हाडं फुटून टोचतात, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) कुत्र्यांना विषारी, एवढं माहीत आहे. नखाने दाबून खळगा पडत नसेल तर वस्तू दातांना फार कडक, हेही. मग रबराचं खेळणं बरं का? किती मोठं घ्यावं? आणि खाऊ दिवसभराच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांत ठेवायचा, तो कसा मोजता? आमच्याकडे प्रत्येकजण गुपचूप एकेक देतो!