गाडामर: पूर्वग्रह बाजूला ठेवायचे की नाही?

प्रश्न: नर्सिंगच्या एम.एस्सी.साठी डायलिसिसवरच्या रुग्णांच्या मुलाखती घेतेय. मार्गदर्शक म्हणतात, आपली मतं बाजूला ठेवून ऐक. जर्मन तत्त्वज्ञ गाडामर (‘सत्य आणि पद्धती’, १९६०) म्हणतो, पूर्वग्रहाशिवाय, म्हणजे आधीपासूनच्या समजुतींशिवाय, समजणं सुरूच होत नाही. मग ऐकू कसं?

प्रतिसाद १: बाजूला ठेवणं ही तत्त्वज्ञ हुसर्लची वाट. गाडामर पूर्वग्रह पणाला लावायला सांगतो, म्हणजे ते चुकीचे ठरू शकतात हे मान्य करून ऐकायला. समजा, एखादी आजी म्हणाली, “मशीनवरचे ४ तास माझे हक्काचे,” आणि तुमच्या मनातली ‘बिचारी’ ही प्रतिमा मोडली. त्याच्या लेखी खरा अनुभव तिथेच. तो अपेक्षाभंगातूनच येतो. टिपणात तो क्षण जरूर लिहा!

प्रतिसाद २: तत्त्वज्ञ हाबरमासचा गाडामरवरचा आक्षेपही वाचा. पूर्वग्रह परंपरेतून येतात, आणि परंपरेत सत्ता दडलेली असते. आजीला घरी उसंतच मिळत नसेल, म्हणून ते तास ‘हक्काचे’ वाटत असतील तर?

प्रश्नकर्ती: पुढच्या मुलाखतीत घरकामाबद्दल नक्की विचारते.