समुद्रगवत, केंदाळ आणि उसाचे खत

करवीरवासी : कोल्हापूरच्या रंकाळा तलावातील केंदाळ (जलपर्णी) काढताना आपण घाम गाळतो, आणि तमिळनाडू सरकारने २०२२ साली पाल्कच्या उपसागरात समुद्रगाय (ड्युगाँग हा सागरी सस्तन प्राणी) व ती खाते त्या समुद्रगवतासाठी ४४८ चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र घोषित केले. पाण्यातले गवत इथे उपटायचे आणि तिथे जपायचे, हे मला पटत नाही. तो पैसा नद्यांवर खर्च व्हावा.

पन्हाळकर : हे वाचून राहवले नाही. केंदाळ पाण्यावर तरंगते आणि खालचा प्रकाश अडवते. समुद्रगवत मात्र तळाच्या वाळूत मुळे रोवते, पाण्याखालीच फुलते, आणि त्याच्या आडव्या खोडांच्या जाळ्यामुळे वाळू जागेवर राहते. पानांत प्रवाह मंदावतो, गाळ खाली बसतो, कोळंबीची व माशांची पिल्ले तिथे वाढतात. समुद्रगाय तर जवळजवळ याच गवतावर जगते. शेतातले नत्र किनाऱ्याच्या पाण्यात उतरले की पानांवर शेवाळ चढते, प्रकाश मिळत नाही आणि कुरण मरते. उसाला खताची पोती ओतणाऱ्या आपल्या जिल्ह्याने याचा विचार करावा.

शिरोळचा शेतकरी : प्रत्येक चर्चेत ऊसच आरोपी का? पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते आणि ते पाणी आलमट्टी, नागार्जुनसागर ओलांडून आंध्रच्या किनाऱ्याला जाते, पाल्कला नव्हे. जादा खताचे आणि पाण्याचे भोग आम्हीच आधी भोगतो. माझ्या थोरल्या चुलत्यांचे रान क्षारपड झाले, तेव्हा माती तपासून घ्या असे सांगायला कोणी आले नाही. खतविक्रेता मात्र प्रत्येक हंगामात दारात होता. आम्हाला दोष देण्याआधी माती परीक्षण गावात आणा.

पन्हाळकर : आपले नत्र पाल्कला जात नाही, हे मान्य. पण तिथल्या किनाऱ्यावरही शेते आहेत आणि कारण तेच आहे. चुलत्यांच्या रानाला जादा खत-पाण्याने मारले, आणि गवतालाही जादा खतच मारते. मग आपण एकमेकांशी का भांडतो आहोत?

सागरवेडा : सगळा दोष खतावर टाकू नका. ट्रॉलरची जाळी तळ खरवडून गवत मुळासकट उपटते. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाजवळ तर हिरव्या कासवांनीच कुरणे खाऊन उजाड केली, आणि मासे घटल्याने तिथले मच्छीमार कासवांवर चिडले. नुसते क्षेत्र राखीव करून भागत नाही.

करवीरवासी : केंदाळ आणि हे गवत एक नव्हे, एवढे मानतो. तरीही पहिला पैसा पंचगंगेलाच मिळावा, या मतावर मी ठाम आहे.

शिरोळचा शेतकरी : मिळू दे, पण त्यातला वाटा माती परीक्षणाला हवा. खत मापात पडले, तर नदीत उतरणारे नत्रही घटेल.