मेनोनाइट मंडळीची जानेवारी-फेब्रुवारीची सूचनापत्रिका: कम्फर्टर, मदतीच्या बादल्या, कॅनिंग. नेमकं काय काय छापावं?

चिटणीस_लँकेस्टर

जय ख्रिस्त. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत आमची मेनोनाइट (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाची) मंडळी आहे. उपासना इंग्रजीत होते, पण चार-पाच मराठी घरं आहेत, म्हणून पत्रिकेची मराठी प्रतही काढतो. पुढच्या दोन महिन्यांत चार गोष्टी आहेत: जागतिक सहभागितेचा रविवार, एका शनिवारी एमसीसीसाठी (म्हणजे मेनोनाइट सेंट्रल कमिटी, आमची मदतसंस्था) कम्फर्टर, म्हणजे गोधडीसारखी जाड पांघरुणं, बांधणं, शब्बाथ शाळेच्या मुलांकडून मदतीच्या बादल्या भरून घेणं आणि फेब्रुवारीत मांसाच्या कॅनिंगची (मांस शिजवून डबाबंद करण्याची) एक पाळी.

आजवर पत्रिकेत "सर्वांनी अगत्याने यावे" एवढंच छापलं जायचं. लोक येतात, सामान मात्र अर्धंच असतं, आणि निम्मी मंडळी चहा पीत उभी. प्रत्येक कार्यक्रमाला किती सामान लागतं, कुठे घोळ होतो, सूचनेत काय असायलाच हवं, हे जाणकारांनी सांगावं.

गाठदोरा

कम्फर्टरपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त तयारी त्यालाच लागते. "शनिवारी बांधायचे आहेत" असं छापलंत तर त्याआधी वरचे पत्रे (तुकडे जोडून केलेला वरचा थर) शिवून कोण देणार, हा प्रश्न उरतोच. सूचना दोनदा द्या: पहिली सहा आठवडे आधी, शिवणाऱ्यांसाठी, दुसरी आदल्या रविवारी, बांधणाऱ्यांसाठी.

माप ६० × ८० इंच धरा. सगळ्यात सोपा हिशेब असा: १०.५ इंचाचे चौकोनी तुकडे कापायचे, पाव इंच शिलाई सोडून जोडायचे. तयार तुकडा १० इंचाचा होतो, म्हणजे आडवे ६, उभे ८, एकूण ४८ तुकडे. कापड सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र, मध्यम जाडीचं. ताणणारं टी-शर्टचं कापड नको, ते शिवताना ओढलं जातं आणि पत्रा नागमोडी होतो. गडद आणि रंगीत कापड घ्या. हे कम्फर्टर जिथे जातात तिथे धुवायला पाणी मुबलक असेलच असं नाही, पांढरं लगेच मळतं. लष्करी छपाई आणि झेंड्यांचे नमुने टाळा.

अस्तर चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठं, म्हणजे साधारण ६४.५ × ८४.५. सिंगल पलंगाची सपाट चादर याला पुरते, जोड द्यावा लागत नाही. फक्त ती चादर फार दाट विणीची नको. दुकानात भारी म्हणून मिळणाऱ्या चादरीतून जाड सुई जातच नाही, तासाभरात सगळ्यांची बोटं दुखायला लागतात. भरणाचा थर (बॅटिंग) आदल्या रात्री उलगडून ठेवा, नाहीतर घडीच्या सुरकुत्या तशाच आत राहतात.

आता गाठी. आपल्या गोधडीसारखा धावदोरा इथे नसतो, ठिकठिकाणी टाका घेऊन गाठ मारायची असते. दोन गाठींमध्ये सहा इंचांपेक्षा जास्त अंतर नको. हमखास चूक होते ती इथेच: तुकड्याच्या चार कोपऱ्यांवर आणि मधोमध अशी गाठ मारली की काम झालं असं वाटतं. १० इंचाच्या तुकड्यात मध्यापासून कोपरा ७ इंच लांब असतो आणि कोपऱ्यापासून कोपरा १०. दोन-चार धुण्यांत भरण सरकून गोळे होतात. म्हणून प्रत्येक बाजूच्या मध्यावरही गाठ हवी. ५ इंचांच्या जाळीने मोजलं तर ११ ओळी आणि प्रत्येकीत १५, एकूण १६५ गाठी.

धागा क्रोशाचा जाड सुती, दुहेरी. एका कम्फर्टरला ५५ ते ६० यार्ड लागतो. सुई मोठ्या नेढ्याची पण टोकदार. दाभण नको, भोक पडतं. एकेक गाठ सुटी मारत बसू नका. एका ओळीत पाव-पाव इंचाचे टाके घेत शेवटपर्यंत जा, मग दोन टाक्यांच्या मधोमध धागा कापा. प्रत्येक टाक्याला दोन्हीकडे अडीच इंच शेपूट मिळतं. पहिला वेढा उजवा डाव्यावर, दुसरा डावा उजव्यावर. दोन्ही वेढे एकाच बाजूने घेतले की गाठ सरकते. ही गोष्ट पत्रिकेत नाही, टेबलावर चित्र काढून चिकटवायची. शेवटी शेपूट इंचभर ठेवून कापा. अगदी मुळाशी कापू नका.

कम्फर्टर ताणून बसवायची लाकडी चौकट नसेल तर लांब टेबलावरही होतं, पण मग मधून सुरू करून कडेकडे जा, नाहीतर अस्तराला चुण्या पडतात. चौकटीभोवती आठ मोठी माणसं असली तर दीड-दोन तासांत १६५ गाठी होतात. कड मशीनवर मारणारी एक-दोन माणसं वेगळी ठेवा: अस्तर एक इंच दुमडून, पुन्हा एक इंच वर आणून शिवायचं.

तेव्हा सूचनेत लिहा: किती पत्रे तयार आहेत, किती चौकटी लागतील, आणि त्या हिशेबाने किती जण हवेत. तीन चौकटी असताना साठ माणसं बोलावलीत तर चहा पिणारेच जास्त होणार.

बादलीभर_मदत

बादल्यांचं काम मुलांसाठी उत्तम, पण यादी जशीच्या तशी छापा. लोक मनाने भर घालतात आणि मग ती काढत बसावं लागतं. पाच गॅलनची (सुमारे १९ लिटर) झाकणवाली प्लास्टिकची बादली, आणि एका बादलीत:

अंगाचे मोठे साबण ४, कपड्यांच्या साबणाच्या मोठ्या वड्या ४, शॅम्पूची बाटली १, मोठ्यांचे टूथब्रश ४, आंघोळीचे टॉवेल ४, रुंद दातांचे कंगवे २, चांगल्या प्रतीचं नेलकटर १, वेगवेगळ्या मापांच्या चिकटपट्ट्यांचा डबा १ (निदान ४० पट्ट्यांचा), सॅनिटरी पॅडचं पाकीट १ (१८ ते २४ नगांचं).

सगळं नवं आणि मूळ वेष्टनात. टूथपेस्ट टाकू नका. मुदतीचा प्रश्न असतो म्हणून ती एमसीसीच पाठवण्याआधी घालते. हॉटेलातले चिमुकले साबण चालत नाहीत. कपड्यांच्या वड्या अमेरिकेत प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, त्यामुळे लोक अंगाचेच आठ आणतात. पत्रिकेत "फेल्स-नॅप्था किंवा झोटे, धुलाईच्या रांगेत शोधा" असं स्पष्ट लिहा. टॉवेल मध्यम जाडीचे. गुबगुबीत चार टॉवेल घातले की झाकण बसत नाही, आणि झाकणावर बसून ते बंद करणारा एक मुलगा प्रत्येक वर्गात असतोच.

बादली वापरलेली असली तरी चालते, पण आत आधी खायचंच काही असलेलं हवं. रंगाची, रसायनाची नको. शॅम्पू बंद होणाऱ्या पिशवीत घालून मधोमध उभा ठेवा आणि टॉवेल त्याच्याभोवती.

घरोघरी "एक बादली भरून आणा" म्हणण्यापेक्षा वस्तू वाटून द्या: एका घराने टूथब्रश, दुसऱ्याने टॉवेल. दहा बादल्यांना ४० टॉवेल आणि २० कंगवे. मुलांची रांग लावा, एका मुलाकडे एकच वस्तू. शेवटच्या टेबलावर मोठं माणूस बसवून सगळं मोजून घ्या, कारण एका बादलीत पाच ब्रश आणि दुसरीत तीन हे ठरलेलं असतं. नेऊन द्यायचं ते एफ्राटाच्या साहित्य केंद्रात, तुम्हाला जवळच आहे. यादीत अधूनमधून बदल होतात, तेव्हा छापायच्या आठवड्यात एमसीसीच्या पानावरून ताडून घ्या.

चिटणीस_लँकेस्टर

गाठदोराताई, सात इंचांचा हिशेब आजवर कुणाच्याच लक्षात आला नव्हता, आभार. कॅनिंग आणि जागतिक सहभागितेचा रविवार यांबद्दलही सांगा. त्या रविवारी मराठी घरांनी काहीतरी करावं असं पाळक म्हणताहेत.

धमतरी_ते_पुणे

हा रविवार २१ जानेवारीच्या सर्वांत जवळचा असतो. १५२५ साली त्या दिवशी झ्युरिकमध्ये फेलिक्स मान्झच्या घरी कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला, तिथून ॲनाबॅप्टिस्ट चळवळ (मोठेपणी, स्वतःच्या विश्वासाने बाप्तिस्मा घेणाऱ्यांची, जिच्यातून मेनोनाइट आले) धरतात. २१ तारीख बुधवारी आली तर आधीचा रविवार जवळचा, गुरुवारी आली तर पुढचा. पत्रिकेत तारीख आणि वार दोन्ही छापा. उपासनेचं साहित्य मेनोनाइट वर्ल्ड कॉन्फरन्स (जगभरच्या मंडळ्यांची संघटना) देते, दरवर्षी वेगवेगळ्या खंडातल्या मंडळ्यांनी तयार केलेलं. अर्पणाची त्यांची सूचना फार चांगली आहे: आपल्या गावात एका जेवणाला जेवढा खर्च येतो तेवढं माणशी द्यावं. हे आदल्या रविवारी सांगितलं तरच लोक तयारीने येतात.

मराठी घरांचं म्हणाल तर "भारतातून शुभेच्छा" असं गोलमाल न ठेवता भारतातल्या मेनोनाइटांचीच बातमी द्या. इथल्यांना वाटतं मेनोनाइट म्हणजे घोडागाडी आणि क्विल्ट. अमेरिकन मेनोनाइट मिशनरी १८९९ मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, धमतरीला पोचले. आज छत्तीसगडमध्ये धमतरी आणि चांपा-जांजगीर भागात, आणि तेलंगणात महबूबनगरच्या बाजूला जुन्या मंडळ्या आहेत. महाराष्ट्राशी धागा युनियन बिब्लिकल सेमिनरीचा, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षण संस्थेचा. ती आधी यवतमाळला होती, १९८३ मध्ये पुण्याला बिबवेवाडीत आली. छत्तीसगडच्या मंडळ्यांतली मुलं तिथे शिकून पाळक झाली आहेत. दीड मिनिटात एवढं सांगून होतं.

गाणं करणार असाल तर ध्रुवपदाची एकच ओळ मंडळीला द्या, रोमन लिपीत पडद्यावर. मेनोनाइट लोक वाद्यांशिवाय चार स्वरांत गाण्यात पटाईत. दोनदा ऐकवलं की तिसऱ्यांदा आपल्या भजनालाही खालचा सूर लावून मोकळे होतात. पेटीची पट्टी मात्र पांढरी एक-दोनच्या पुढे नेऊ नका.

वाफेचा_हंडा

कॅनिंगबद्दल. एमसीसीचं हे काम १९४६ पासूनचं. ट्रेलरवरचं फिरतं युनिट हिवाळाभर गावोगाव जातं. मांस स्थानिक लोक जमवतात, कामगार मंडळ्या पुरवतात. कापणं, वाफेच्या हंड्यात शिजवणं, डबे भरणं, सील करणं, दाबाखाली शिजवणं, मग धुणं आणि लेबल लावणं. दाबाचं यंत्र प्रशिक्षित माणसंच चालवतात, तिकडे हौसेने जाऊ नका.

सरकारी अन्नतपासणीचे नियम लागतात, म्हणून सूचनेत ठळक छापा: अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, मंगळसूत्र घरी ठेवून या. दारात काढायला सांगितलं की विनाकारण वाईट वाटतं. नेलपॉलिश नको. केस जाळीत, दाढीलाही जाळी. बूट बंद आणि न घसरणारे, फरशी सतत ओली असते. कापण्याच्या खोलीत थंडी आणि हंड्यांजवळ उकाडा, तेव्हा कपडे एकावर एक घाला. शाकाहारी मंडळींना लेबलाच्या टेबलावर काम मिळतं, तिथे फक्त बंद डबे येतात. पाळीची वेळ म्हणजे हात धुऊन उभं राहण्याची वेळ. पंधरा मिनिटं आधी पोचा असं लिहा. वयाची अट आयोजकांना विचारून छापा.

चारही कार्यक्रमांना एक ओळ सारखी हवी: बर्फ पडला तर निर्णय किती वाजता आणि कुठे कळेल. आणि मराठी प्रत व्हॉट्सॲपवर फिरणार असेल तर आजाऱ्यांची नावं, आजाराचे तपशील, कोण कधी गावाला जाणार हे त्यातून वगळा. छापील प्रतीतही त्या घराला विचारूनच.

चिटणीस_लँकेस्टर

शेवटची शंका: दोन बहिणी म्हणतात गाठींऐवजी मशीनने क्विल्टिंग करून देतो. चालेल?

गाठदोरा

चालतं, सहा इंचांची अट तीच. पण मग ते त्यांनी घरी करून आणावेत. शनिवारचे पत्रे चौकटीसाठीच राहू द्या, नाहीतर माणसं जमतील आणि बांधायला काही उरणार नाही.