अनुभव धागा: तुमच्या पुस्तकात खूण कसली?

माजघर
आमचे रद्दीवाले दादा पुस्तक काट्यावर टाकण्याआधी उलटं धरून झटकतात. मला वाटलं नोटा शोधतात. म्हणाले, "लोकं फोटो ठिवत्यात ताई, मग चार दिसांनी रडत येत्यात." काल आमच्या थप्पीतून सहा गणपती पडले.

सांगते. बाबांना लग्नपत्रिका टाकवायची नाही. वर गणपती असतो ना! मग रात्री जेवणं झाली की कात्री घेऊन बसायचे. गणपती मध्ये ठेवून दोन बोटं रुंद पट्टी कापायची, कोपरे नेलकटरने गोल करायचे, पंचने भोक पाडून त्यात आईच्या जुन्या ब्लाउजचा गोंडा ओवायचा. मागे बॉलपेनने शेरा. "वरण गार." "जिलबी उत्तम, पंखे बंद." "मुलगा बरा वाटतो." पुस्तक वाचून संपलं तरी गणपती आतच राहायचा, त्यामुळे नव्या पुस्तकाला नवीन लग्न लागायचं.

आता त्यांना वाचवत नाही, डोळ्यांचं काही खरं नाही. पुस्तकं काढा असं तेच म्हणाले. सहाही गणपती हातात दिले तर मी मागचं वाचायच्या आत एकावर बोट फिरवून म्हणाले, "हा उठावाचा, नागपूरचं लग्न. सावजी जेवून आजारी पडलो होतो."

तुमच्याकडे काय काय आहे? विकतच्या खुणाही चालतील. लिहा.

लेकुरवाळी
जागा धरून ठेवते. कुकर लावलाय, शिट्ट्या झाल्या की लिहिते.

बेस्टचा प्रवासी
बेस्टची जुनी तिकिटं! बोटभर लांब, पातळ, प्रत्येक भाड्याला वेगळा रंग. कंडक्टर पंच टकटकवत यायचा. फाउंटनच्या फुटपाथवर पुस्तक घ्यायचं, बसमध्ये उघडायचं, उतरताना तिकीट आत. आज कुठलंही जुनं पुस्तक उघडलं तर ते कुठल्या भाड्याच्या काळातलं ते तिकिटाच्या रंगावरून कळतं. मशीनच्या तिकिटांनी घात केला. त्याचा कागद थर्मल, वर्षभरात अक्षरं उडतात आणि हातात कोरी चिठ्ठी.

कडूकारलं
माझी खूण म्हणजे पानाचा कोपरा दुमडणे. या आता मारायला.

ठाणेकर मावशी
@कडूकारलं तुमच्यासारख्यांमुळेच लायब्ररीतल्या पुस्तकांना कान फुटतात! मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची (स्थापना १८९३, आमच्या आजेसासूबाईंपेक्षा मोठं) जुनी सभासद. वाचकांच्या विसरलेल्या खुणा जमवते. आधी ग्रंथपालांना विचारते, बहुतेक वेळा "घेऊन जा" म्हणतात. आतापर्यंत आइस्क्रीमची काडी, अर्धा कंगवा, रक्ताचा रिपोर्ट (हा परत केला), आणि एक यादी: पाव किलो खोबरं, हिंग, "ह्यांच्या गोळ्या", खाली दोनदा अधोरेखित "आईला फोन". त्या बाईने फोन केला की नाही, हे मला चार वर्षं छळतंय.

अबोली२
मावशी 😭 यादी वाचून मीच आईला फोन केला. ती म्हणाली काय झालं, पैसे हवेत का.

वऱ्हाडी ठेचा
सावजी जेवून आजारी पडले मंजे त्याईनं तर्री जास्त घेतली असन. सावजीले बोल लावू नका. खुणेचं मंजाल तर आमच्याकडे ज्वारीचं पातं चालते.

पिंपळपान
शाळेत जाळीचं पान केलं नाही असा कोणी आहे का? नव्या लोकांसाठी कृती: पिकलं नको, हिरवं जून पान घ्यायचं. बादलीत पाण्यात बुडवून वर दगड. दोन-तीन आठवडे. मधे पाणी बदलायचं, नाहीतर आई बादलीसकट बाहेर काढते, कारण वास म्हणजे काय सांगू, गटार परवडलं. गर सुटला की बशीत घेऊन जुन्या टूथब्रशने थोपटायचं, घासायचं नाही. देठाकडून टोकाकडे. टोकाची लांब शेपटी सगळ्यात आधी तुटते आणि तीच तर पिंपळाची शान. मग टीपकागदात दाबून वाळवायचं. धुण्याच्या सोड्यात उकळून एका तासात होतं म्हणतात, मी केलं तर पानाची भाजी झाली.

माझ्या ३१ पानांपैकी शेपटीसकट आहेत फक्त ४.

अबोली२
आम्ही मोरपीस ठेवायचो आणि पेन्सिलीची सालं खायला घालायचो, पिल्लं होतील म्हणून. आणि विद्येचं पान! विद्येचं पान गणिताच्या पुस्तकात ठेवून मी सहामाहीत ३५ आणले.

पिट्सबर्गची प्रभा
मला मोरपीस इकडे आणायचं होतं, भाचीने बॅगेत भरूनही दिलं होतं. विमानतळावर जायच्या आधी दिराने काढायला लावलं, भारतातून मोरपिसाच्या निर्यातीला बंदी आहे. बरं झालं. आता माझ्याकडे देशातून आलेल्या राख्यांची पाकिटं उभी कापून केलेल्या खुणा आहेत, तिकीट आणि शिक्का दिसेल अशा. शिक्का नीट उमटलाय का हे मी राखीच्या आधी बघते. भाऊ वाचत असेल तर सॉरी.

जुनी पेठ
आजोबांच्या गुरुचरित्राला आजीने सात दोरे शिवले होते, साडीच्या काठाचे. सप्ताहात रोज कुठे थांबायचं त्याची खूण. ९, २१, २९, ३५, ३८, ४३, ५२. मला पाढे येत नव्हते तेव्हा हे पाठ होतं. पाचव्या दिवसाचा दोरा हिरवा, कारण त्या दिवशी तीनच अध्याय आणि आजोबा लवकर उठतात म्हणून आजी खूश!

दत्तू
आमच्यात पहिल्या दिवशी ७ च.

जुनी पेठ
असेल. आपापल्या घरची रीत. दोरे कसले तुमच्याकडे?

दत्तू
दोरे नाहीत. माचिसची काडी. गुल काढलेली, घाबरू नका.

खारीबटर
मला २०१८ साली एका जाडजूड चरित्रात खूण सापडली. माझीच, माझ्याच हाताने ठेवलेली. ५०० ची नोट. जुनी. बायकोपासून लपवली होती, नोव्हेंबर २०१६ मध्ये स्वतःपासूनही लपली. आता तिथेच आहे, पान १४३. पुढे वाचवत नाही.

कडूकारलं
@खारीबटर म्हणून कोपरा दुमडावा. कोपरा चलनातून जात नाही.

ठाणेकर मावशी
😂😂 हे मात्र मान्य.

बांधणीवाला
पुस्तकबांधणी करतो म्हणून राहवत नाही. धातूच्या क्लिपा, टाचण्या, यू-पिना काढून टाका बाबांनो. कोकणात एका पावसाळ्यात गंजतात आणि डाग चार पानं आरपार जातो. रेल्वेचं पुठ्ठ्याचं तिकीट वर्षानुवर्षं ठेवलंत तर पानावर वळ उठतो. ओली फुलं तर नकोच, आधी वाळवा. कसर लागलेल्या पुस्तकातली खूण दुसऱ्यात घालू नका. गोंडा बाहेर लोंबू द्या पण पट्टी जाड नको. सहा गणपतींना माझा नमस्कार, पत्रिकेचा कागद चांगला असतो.

अबोली२
रद्दीचा भाव काय चाललाय हो सध्या? आमचा वर्तमानपत्राचे आणि पुस्तकांचे वेगळे लावतो.

वऱ्हाडी ठेचा
पुस्तकं रद्दीत देता कायले, आमच्या गावच्या वाचनालयात पाठवा. गाडीभाडं मी देतो.

लेकुरवाळी
आले. कुकर, मग पोळ्या, मग धाकट्याचा प्रोजेक्ट. प्रोजेक्ट काय तर "टाकाऊतून टिकाऊ बुकमार्क". मॅडमनी आइस्क्रीमच्या काड्या आणायला सांगितल्यात, घरात एकही नाही. ठाणेकर मावशी, तुमच्याकडे आहे ना एक?

माजघर
सगळ्यांचं वाचून खूप हसले. @बांधणीवाला बाबांना वाचून दाखवलं, "कागद चांगला असतो" यावर मान डोलावली.

@वऱ्हाडी ठेचा तुमचं वाचून आधी वाईट वाटलं, मग बाबांना विचारलं. उरलेली दोन कपाटं तुमच्याकडेच पाठवायची. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तर्रीबद्दल बाबा म्हणाले, "तीनदा घेतली होती."

आता एक घोळ. सहा गणपतींत माझ्या लग्नाचा नाही. बाबा म्हणतात केला होता, लाल गोंडा, मागे शेराही लिहिला होता. काय लिहिलं होतं ते सांगत नाहीत, नुसते हसतात. परवा १४ किलोची पहिली खेप गेली ती मी घरी नसताना गेली, झटकली की नाही माहीत नाही. दादा रविवारी येतात. दुकान कुठे ते विचारून ठेवलंय, त्याच्या आधीच जाऊन बघते.