मदत हवी आहे: धार लावलेलं ड्रिल कापायचं सोडून किंचाळतंय

तासगावचा बागवाला

राम राम मंडळी.

तासगावजवळ राहतो, दीड एकर द्राक्षबाग आहे. जुन्या गोठ्यावर पत्रा घालून छोटं वर्कशॉप केलंय. वेल्डिंग मशीन, कटर, 6 इंची बेंच ग्राइंडर आणि सेकंडहँड घेतलेलं पिलर ड्रिल, म्हणजे खांबावर बसवलेलं भोक पाडायचं मशीन. यंदा मंडपाचे वाय अँगल (वेली चढवायचे इंग्रजी Y च्या आकाराचे लोखंडी आधार) बाहेर न देता स्वतःच करायला घेतलेत. 40 बाय 40 चा, 5 मिमी जाडीचा एमएस (साधं माइल्ड स्टील) अँगल, 8 च्या बोल्टसाठी 8.5 ची भोकं. एका वायला सहा भोकं धरा आणि ओळी मोजा, म्हणजे कळेल कशात हात घातलाय ते. ऑक्टोबरच्या छाटणीआधी उरकायचंय.

नवं ड्रिल सुरुवातीला झकास चालतं, मग बसतं. बोथट ड्रिलांनी तेलाचा डबा भरत आला. वडील रोज विचारतात, मोडीत घालू का.

म्हटलं धार लावू. व्हिडिओ बघितले, टोकाला 118 अंशांचा कोन पाहिजे हे कळलं, त्यासाठी ऑनलाइन एक जिग (ड्रिल ठरलेल्या कोनात धरणारा साचा) मागवली. कोन बरोबर येतो, कोनमापक लावून बघितलाय. पण ड्रिल अँगलवर टेकवलं की आधी नाचतं, मग किंचाळतं, धूर काढतं, टोक निळं पडतं. रेटून भोक पाडलंच तर ते 8.5 चं न राहता 9 च्या पुढं जातं. लोखंडाचा कीसही ड्रिलच्या दोन खाचांपैकी एकाच खाचेतून येतो, दुसरी कोरडी ठणठणीत.

टोक निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलं का? मी मधेमधे पाण्यात बुचकळत होतो, ते चुकलं का? आणि 118 असूनही कापत का नाही? फोटो उद्या टाकतो, आत्ता लाइट गेलीय.

मिरज जंक्शन

भाऊ, नवीन घ्या की. 8.5 चं ड्रिल काय सोन्याचं असतं का? धार लावण्यात जाणारा वेळ बागेत घाला.

फिटर ट्रेड, दुसरं वर्ष

कीस एकाच बाजूनं येतोय म्हणजे टोकाच्या दोन्ही कापणाऱ्या कडा सारख्या लांबीच्या नाहीत. आम्हाला आयटीआयमध्ये हेच पहिल्यांदा तपासायला लावतात. बाकीचं सिनियर सांगतील.

पलूसकर

किर्लोस्करवाडीत 1910 साली कारखाना उभा राहिला आणि लोखंडी नांगर घडले. आणि तिथून हाकेच्या अंतरावरचा माणूस ड्रिलच्या धारेसाठी ऑनलाइन जिग मागवतो! गंमत केली, राग नसावा. आमच्याकडचा डबाही तसाच भरलाय, म्हणून मीही इथं बसलोय.

जुना टर्नर, कुपवाड

एमआयडीसीत चाळीस वर्षं लेथवर काढली, आता गुडघे बोलतात म्हणून घरी असतो. सविस्तर लिहितो.

118 च्या मागं सगळे लागतात, कारण तो आकडा सगळीकडं छापलेला असतो. एमएसला 118 आणि स्टेनलेससारख्या चिवट मालाला 135 हे खरंच आहे. पण त्यात दोन-तीन अंश इकडंतिकडं झाले म्हणून ड्रिल रुसत नाही. ते रुसतं मागच्या उतारावरनं.

खुरपं आठवा. पात्याची धार वर राहिली आणि पाठ जमिनीला टेकली, तर खुरपं गवत कापतं का? नुसतं घसरतं. ड्रिलमध्ये पुढची कड कापते आणि तिच्यामागचा भाग 8 ते 12 अंशांनी मागं पडत गेलेला लागतो. तुमच्या जिगमध्ये तो उतार येत नसणार. कोन छान, पण मागची टाच कडेच्या बरोबरीला. अँगलवर टाच घासते आणि कड लोखंडाला शिवतच नाही. किंचाळणं, धूर, निळं टोक, तिन्ही तिचीच पोरं.

खात्री करायची असेल तर ड्रिल डोळ्यासमोर धरून टोकाकडनं सरळ बघा. दोन कडांच्या मधोमध एक बारीक रेघ असते, तिला चिझल एज म्हणतात. नव्या ड्रिलमध्ये ती कडेशी 120 ते 135 अंशांत तिरकी असते. तुमच्यात ती जवळजवळ काटकोनात दिसेल. पैज लावतो.

आता हात कसा चालवायचा. हे लिहून सांगणं म्हणजे फोनवरनं पोहायला शिकवणं, तरी सांगतो. ग्राइंडर बंद ठेवा. एक नवं, 10-12 चं ड्रिल घ्या. उताराची नक्कल करायला तेच गुरू. टोकाजवळची बोटं टूलरेस्टवर टेकवा, ड्रिल दगडाच्या तोंडाशी 60 अंशांच्या आसपास तिरकं धरा, कापणारी कड जमिनीला समांतर ठेवा. कड दगडाला टेकली की ड्रिलचं शेपूट सावकाश खाली न्या, असं की कडेपासून टाचेपर्यंतचा सगळा भाग दगडाला घासत जाईल. वीसेक वेळा करा. हाताला तो झोका कळला की मग बटण दाबा. शेपूट खाली जातं, वर कधीच नाही. वर गेलं की लावलेली धार स्वतःच्याच हातानं मारली. आणि हातातल्या हातात गोल फिरवायची कसरत सध्या नको. ती करायला गेलं की पलीकडची कड दगडाला लागते.

दगडाच्या साइडला घासू नका. पुष्कळ जिग तेच करायला लावतात, पण साधा सरळ दगड बाजूच्या दाबासाठी नसतो. चष्मा घाला, हातमोजे घालू नका.

पाण्याचं म्हणाल तर एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) पाणी इतक्यात उतरत नाही. 500 अंश सेल्सियसच्या पुढं जाईपर्यंत ते कडकपणा धरून असतं, निळ्या रंगाला घाबरू नका. मात्र तापलेलं ड्रिल पाण्यात बुचकळलं की कडेला केसाएवढ्या चिरा जातात, नंतर तिथनंच तुकडा उडतो. हवेत गार होऊ द्या. स्वस्तातलं कार्बन स्टीलचं असेल तर गोष्ट वेगळी, ते निळं पडलं की गेलंच. ठिणगी बघा: एचएसएसची मंद, तांबूस, फार न फुटणारी. कार्बन स्टीलची पिवळी आणि फुलबाजीसारखी तडतडणारी.

कडांच्या लांबीचं त्या आयटीआयच्या पोरानं बरोबर सांगितलंय. दोन्ही बाजूंना मोजून सारखे झोके द्यायचे.

फिटर ट्रेड, दुसरं वर्ष

कोन तपासायचं गेज नसेल तर 16 चे दोन षटकोनी नट घ्या आणि सपाट बाजूला सपाट बाजू चिकटवून ठेवा. सांध्यावर जी खाच तयार होते ती बरोबर 120 ची. त्यात टोक बसवून मागनं मोबाइलचा टॉर्च मारा, जिथनं उजेड येतो तिथं चूक.

तासगावचा बागवाला

काका, पैज जिंकलात. रेघ अगदी काटकोनात आहे. दुपारपासून बंद ग्राइंडरवर झोके मारतोय. बायको म्हणाली, मशीन बिघडलंय का?

संध्याकाळी पाच ड्रिलं घासली. दोन फुकट गेली, तिसरं कापायला लागलं. किंचाळणं थांबलं, पण अजून तापतंय आणि कड लवकर जाते.

जुना टर्नर, कुपवाड

पिलर ड्रिलचा पट्टा कुठल्या पुलीवर आहे?

तासगावचा बागवाला

घेतलं तेव्हापासून हात लावलेला नाही. प्लेट बघितली. सगळ्यात वरच्या स्पीडला आहे, मिनिटाला 2800 फेरे.

जुना टर्नर, कुपवाड

अहो पाव्हणं! एचएसएसला एमएसमध्ये कडेचा वेग मिनिटाला 25 मीटर धरा. 25 ला 1000 नं गुणून 3.14 गुणिले 8.5 नं भागा, 900 फेऱ्यांच्या आसपास येतं. तुम्ही तिप्पट पळवताय. पट्टा खाली घ्या आणि कटिंग ऑइलचा थेंब सोडत राहा. 304 जातीचं स्टेनलेस असेल तर याच्याही निम्म्यानं, आणि दाब सोडायचा नाही. नुसतं घासत राहिलं की तो माल तिथल्या तिथं कडक होऊन बसतो.

तासगावचा बागवाला

पट्टा खाली घेतला. 900 चा टप्पा नव्हता, 850 वर लावला. सेंटर पंचनं आधी खळगा पाडून सुरुवात केली. पहिल्यांदाच दोन्ही खाचांतनं सारखे कीस आले, लांब, गुंडाळी होत, बोकडाच्या शिंगांसारखे. व्हर्नियर लावला तर भोक 8.6. चाळीस भोकं झाली, अजून धार आहे. वडील येऊन कीस हातात घेऊन गेले, बोलले काही नाही. पण डबा मोडीतनं वाचला.

आता त्या डब्यातली पार आखूड झालेली ड्रिलं आहेत. त्यांनाही तसंच घासलं, उतार बरोबर आहे, नटांच्या खाचेत उजेड दिसत नाही. तरी आत शिरायला फार जोर लागतो. का?

जुना टर्नर, कुपवाड

ड्रिलच्या मधला गाभा शेपटाकडं जाड होत जातो. घासून घासून आखूड झालं की टोकाशी तोच जाड भाग येतो, चिझल एज रुंद होते, आणि ती कापत नाही, नुसती रेटते. तिथं दगडाच्या कोपऱ्यानं गाभा बारीक करावा लागतो, दोन्ही बाजूंनी सारखा. हे मात्र लिहून जमणार नाही. दगडाचा कोपरा ड्रेसरनं (दगड घासून नीट करायच्या हत्यारानं) टोकदार करून ठेवा आणि मोडीतलं एखादं 12 चं ड्रिल शोधा. 8.5 वर हात बसवायला जाल तर डबा परत भरेल.

पलूसकर

काका, रविवारी कुपवाडला आलो तर चालेल का? डबा घेऊनच येतो.