उरलेल्या भाताचा व्हेज फ्राइड राइस मोकळा का होत नाही?

प्रश्न

रात्री उरलेल्या भाताचा दुसऱ्या दिवशी व्हेज फ्राइड राइस करण्याचा मी गेले काही महिने प्रयत्न करत आहे. परंतु दर वेळी भात गिचका होतो आणि भाज्या मऊ पडतात. माझी पद्धत सविस्तर लिहिते, म्हणजे चूक कुठे होते ते जाणकारांना सांगता येईल.

एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घालून मी कुकरमध्ये भात लावते. जेवणे झाली की उरलेला भात कुकरच्या डब्यातच झाकून रात्रभर ओट्यावर राहतो. दुसऱ्या दिवशी दुपारी गाजर, फरसबी, कोबी आणि ढोबळी मिरची चिरून एकदमच कढईत घालते, त्यांवर मीठ टाकते आणि मध्यम आचेवर झाकण ठेवून शिजवते. मग साधारण सहा वाट्या भात आणि तीन मोठे चमचे सोया सॉस घालून सर्व हलवते. भात चिकटू लागला की तेल वाढवते, पण त्यामुळे तो मोकळा न होता केवळ ओशट होतो. चूक भातात आहे, आचेत आहे की क्रमात?

प्रतिसाद १

आपण पद्धत इतकी नीट लिहिली आहे की उत्तर देणे सोपे झाले आहे. चूक थोडी थोडी तिन्ही ठिकाणी आहे, परंतु माझ्या मते निम्म्याहून अधिक काम आदल्या रात्रीच बिघडते, म्हणून मी फक्त भाताविषयी लिहितो.

तांदूळ शिजताना त्यातील पिष्ट पाणी शोषून फुगते आणि मऊ होते. गरम भात चिकट लागतो तो यामुळेच. भात थंड होऊ लागला की पिष्टातील अमायलोज नावाच्या घटकाचे लांबट रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन घट्ट बसतात आणि दाणा टणक होतो. फ्रिजमध्ये, म्हणजे ४ ते ५ अंश सेल्सिअसला, हा बदल चांगला होतो. असा टणक दाणा कढईत उलथन्याचा मार सोसतो, मोडत नाही. लांब दाण्याच्या तांदळात अमायलोज सहसा अधिक असते, म्हणून या पदार्थाला तो आखूड, चिकट तांदळापेक्षा चांगला.

आता आपल्या डब्याकडे पाहू. भात गरम असतानाच झाकल्यामुळे त्याची वाफ झाकणाला लागते, तिचे पाणी होते आणि ते पुन्हा भातावरच ठिबकते. वरचा थर ओला राहतो आणि खालचा स्वतःच्या वजनाने दबतो. त्याऐवजी जेवण झाल्याबरोबर उरलेला भात परातीत किंवा मोठ्या ताटात बोटभर जाडीच्या थरात पसरून ठेवावा. वाफ निघून गेली की तो झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. दुसऱ्या दिवशी थंड असतानाच हात किंचित ओले करून गुठळ्या सोडवाव्यात. हे काम कढईत उलथन्याने करू नये, कारण तिथे गुठळी सुटण्याऐवजी दाणा तुटतो आणि तुटलेल्या दाण्यातून बाहेर आलेले पिष्ट इतर दाण्यांना चिकटवते.

भात मुद्दाम या पदार्थासाठी लावणार असाल, तर तांदूळ पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत धुवावा आणि कुकरमध्ये वाटीला दीड वाटीच पाणी घालावे. मला स्वतःला भरपूर पाण्यात शिजवून वेळलेला भात अधिक पसंत आहे, कारण दाण्याभोवतीची पेज निघून जाते. मात्र दाणा जरा कणीदार असतानाच तो वेळायला हवा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाला एक पुस्ती जोडते. भात आदल्या दिवशीचाच हवा असे नाही. ताजा भात पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवला, तरी दाण्याची वरची बाजू कोरडी होते आणि काम भागते. फक्त दाणा अधिक मऊ असल्याने हलक्या हाताने परतावा लागतो. शिळा पण ओला भात आणि ताजा पण कोरडा भात यांत मी नेहमी दुसरा निवडेन.

आता कढईविषयी. भाज्यांवर सुरुवातीलाच मीठ घातले की त्यांना पाणी सुटते, आणि वर झाकण असल्यामुळे ते पाणी उडून जात नाही. कढईत पाणी आहे तोवर अन्नाचे तापमान १०० अंशांच्या आसपासच राहते. खरपूसपणा आणि भाजल्याचा वास मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे येऊ लागतो. म्हणजे आपण भाज्या परतत नसून वाफवत आहात. त्यातच सहा वाट्या थंड भात एकदम पडला की कढई निवते आणि घरगुती शेगडीला ती पुन्हा लवकर तापवता येत नाही. तेल वाढवून ही उणीव भरून निघत नाही.

मी एका वेळी दोन वाट्यांहून अधिक भात घेत नाही. सहा वाट्यांसाठी तीन घाणे करावे लागतात, पण प्रत्येकाला चार-पाच मिनिटेच लागतात. सर्व चिरण्याची तयारी आधी करून ठेवावी, कारण कढई तापल्यावर सुरी हातात घ्यायला सवड मिळत नाही. भाज्या धुऊन फडक्याने पूर्ण कोरड्या कराव्यात आणि मटारच्या दाण्याएवढ्या चिराव्यात. लोखंडी किंवा पोलादी कढई मोठ्या आचेवर चांगली तापवून मगच तेल घालावे. नॉनस्टिक भांडे रिकामे असताना असे तापवू नये, त्याचा थर खराब होतो. तेलात आधी गाजर आणि फरसबी दोन मिनिटे, मग कोबी आणि ढोबळी मिरची एकच मिनिट परतावी आणि सर्व भाजी ताटात काढून घ्यावी. त्याच कढईत चमचाभर तेलावर ठेचलेला लसूण घालावा. तो काही सेकंदांत करपू शकतो, म्हणून वास सुटताच त्यावर भात टाकावा. भात पसरून अर्धा मिनिट मुळीच हलवू नये, कारण दाणे तापलेल्या लोखंडाला टेकले तरच ते भाजले जातात. त्यानंतर खालवर करावे आणि भाजी परत घालावी.

सोया सॉसचे आपले प्रमाण मला जास्त वाटते. साध्या सोया सॉसमध्ये साधारण सहावा हिस्सा मीठच असते. दोन वाट्या भाताला दोन लहान चमचे पुरे, आणि तेही भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेने सोडावे, म्हणजे त्यातील पाणी लगेच उडते. मीठ चव पाहून शेवटीच घालावे. मिरपूड, काही थेंब व्हिनेगर आणि कांद्याची हिरवी पात आच बंद केल्यावर घालावी.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका राहिली. आज उरलेला भात नेहमीप्रमाणे रात्रभर ओट्यावरच राहिला आहे. त्याला वास येत नाही. दुपारी मोठ्या आचेवर परतणारच आहे, तर तो वापरायला हरकत नसावी ना?

प्रतिसाद ३

कृपया तो भात वापरू नका. मोकळ्या भाताच्या चर्चेत हा मुद्दा मागे राहिला, पण माझ्या दृष्टीने तो सर्वांत आधी यायला हवा होता.

कच्च्या तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि भात शिजवल्याने ते मरतीलच असे नाही. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्तास राहिला की ते रुजतात, वाढतात आणि त्यांतील काही प्रकार भातात एक विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. कितीही मोठ्या आचेवर परतले तरी ते नष्ट होत नाही. त्यामुळे पुन्हा गरम करणे हा येथे उपाय ठरत नाही. वास, चव आणि रंग यांवरूनही ते ओळखता येत नाही. असा भात खाल्ल्यावर साधारण अर्ध्या ते सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. बहुतेकांना दिवसभरात बरे वाटते, पण लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांच्या बाबतीत धोका पत्करू नये.

पहिल्या प्रतिसादातील पसरून थंड करण्याची पद्धत चवीप्रमाणेच सुरक्षिततेसाठीही योग्य आहे, कारण पातळ थर लवकर निवतो. भात शिजल्यापासून शक्यतो एका तासाच्या आत फ्रिजमध्ये जावा आणि दुसऱ्या दिवशीच संपवावा. परतताना तो आतपर्यंत वाफाळता गरम व्हायला हवा. म्हणूनही लहान घाणा बरा. त्यातून फ्राइड राइस उरलाच, तर तो पुन्हा ठेवून तिसऱ्यांदा गरम करू नये.

मूळ प्रश्नकर्ती

तो भात त्याच दिवशी टाकून दिला. काल रात्री दीड वाटी पाण्याचे प्रमाण ठेवून भात लावला, जेवणाआधीच उरणारा भाग परातीत पसरला आणि निवताच फ्रिजमध्ये ठेवला. आज तीन घाणे केले. पहिले दोन इतके मोकळे झाले की घरच्यांनी हा भात वेगळ्या तांदळाचा आहे का असे विचारले, आणि फरसबी प्रथमच कुरकुरीत राहिली. तिसरा घाणा मात्र तळाला चिकटला आणि थोडा कडवट झाला. आच तीच होती, तेलही तेवढेच होते.

प्रतिसाद २

हे वाचून फार आनंद झाला. तिसऱ्या घाण्यापर्यंत कढईच्या तळाला सोया सॉसचा आणि भाताच्या कण्यांचा थर जमतो. तो करपतो आणि नवा भात त्याला धरतो. प्रत्येक घाण्यानंतर गरम कढईत अर्धी वाटी पाणी घालून उलथन्याने तळ मोकळा करावा, पाणी ओतून द्यावे, कढई पुसावी आणि ती पुन्हा पूर्ण तापल्यावरच तेल घालावे.