व्हॉल्व्ह ॲम्पची ताकद उतरवताना आलेली शिट्टी: तुमचे अनुभव लिहा

व्हॉल्व्हचा (काचेच्या व्हॅक्यूम नळ्यांचा) गिटार ॲम्प खुलतो तो पूर्ण ताकदीवर, आणि आपण राहतो सोसायटीत. म्हणून अनेकांनी आत व्होल्टेज उतरवणारं मॉसफेट या ट्रान्झिस्टरचं सर्किट, व्हीव्हीआर, बसवलंय. ते बसवल्यावर ॲम्प शिट्टी मारायला किंवा घुरघुरायला लागला, असं कुणाचं झालंय? दोष कुठे सापडला, तेही सांगा. सुरुवात माझ्यापासून.

माझा ॲम्प 18 वॉटचा, दोन ईएल84 व्हॉल्व्ह. व्हीव्हीआरचा नॉब पूर्ण वर असताना स्वच्छ. मध्यावर आणला की प्रत्येक सुराच्या शेपटीला खरखर. हीटसिंक खूप तापायचं, पण मधल्या व्होल्टेजला मॉसफेट सर्वांत जास्त तापतोच, म्हणून तिकडे बघितलंच नाही. दोन आठवडे व्हॉल्व्ह बदलत बसलो. शेवटी मित्राचा, सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप आणला, तर मॉसफेटच्या सोर्स या पायावर मेगाहर्ट्झची जाड पट्टी, म्हणजे सर्किट आपोआपच थरथरत होतं (ऑसिलेशन)! गेट या पायाचा 100 ओमचा रेझिस्टर होता, पण मी तो पॉटच्या (नॉबमागच्या पोटेन्शिओमीटरच्या) टोकाला लावला होता. तिथून गेटपर्यंत वीतभर तार. रेझिस्टर काढून थेट मॉसफेटच्या गेटच्या पायाला सोल्डर केला, पट्टी गेली.

—

माझ्याकडे शिट्टी नव्हती, होडीच्या इंजिनासारखं पुट-पुट-पुट होतं. गिटार हातात नसतानाही स्पीकरचा कागद आतबाहेर हलताना दिसायचा. नवीन बसवलेलं तेवढं व्हीव्हीआर, म्हणून खापर त्यावरच फोडलं. मग ते जंपर टाकून बाजूला काढलं, तरी पुटपुट चालूच. प्रीॲम्पच्या (ॲम्पच्या पहिल्या टप्प्याच्या) सप्लायचा 22 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सुकला होता. लॅमिंग्टन रोडवरून नवा आणला, त्याच रात्री मनसोक्त वाजवलं. आधी बायपास करून बघा, ही माझी कळकळीची विनंती.

—

न्यू जर्सीहून लिहितेय. माझ्याकडे व्हीव्हीआर नाही, पेंटोड-ट्रायोडचा, म्हणजे आउटपुट व्हॉल्व्ह वेगळ्या जोडणीत चालवून ताकद अर्धी करणारा स्विच आहे. तो सोयीसाठी पुढच्या पॅनेलवर, इनपुट जॅकशेजारी बसवला. ट्रायोडवर टाकला की कान फाटेल अशी किंचाळी. व्हॉल्व्हच्या प्लेटचा (आउटपुटच्या टोकाचा) मोठा सिग्नल मीच तारेने इनपुटच्या दारात नेऊन ठेवला होता! स्विच मागे, सॉकेटजवळ हलवला आणि तारा आखूड केल्या. तेव्हापासून शांत आहे.

—

तार कुठे नडतेय हे शोधायला ॲम्प चालू ठेवून कोरड्या लाकडी काडीने एकेक तार ढकलतो, दुसरा हात खिशात. सोल्डरिंगला मात्र ॲम्प बंद, आणि कंडेन्सर रिकामे केल्याचं मीटरवर बघितल्याशिवाय बोट नाही. बंद केल्यावरही ते शेकडो व्होल्ट धरून बसतात. कृपया यात घाई करू नका.

माझी अडचण अशी: दोन ईएल34 व्हॉल्व्ह, फिक्स्ड बायस (व्हॉल्व्हच्या ग्रिडला वेगळं, ठरावीक उणे व्होल्टेज). व्हीव्हीआरचा नॉब खाली नेला की आवाज तुटक येतो. हेही ऑसिलेशनच का?

—

नाही, दादा. तुमचं प्लेट व्होल्टेज उतरतंय आणि बायस जागच्या जागी राहतोय, त्यामुळे व्हॉल्व्ह जवळजवळ बंद पडताहेत. बायसही त्याच नॉबबरोबर उतरेल असं करावं लागेल. तुमचं सर्किट टाका, सोबत बघू.